ओतूरचा पीसी आणि खोडदची दुर्बीण

ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' हा गेम २००६ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आला. आयपीएलचा पहिला चेंडू पडला १८ एप्रिल २००८ रोजी. गेम तयार झाला तेव्हा आयपीएल नावाची गोष्टच नव्हती, आणि त्यानंतर ईएने पीसीसाठी क्रिकेटचा नवा गेम काढलाच नाही. तरीही महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने याच गेममध्ये मुंबई इंडियन्सकडून फलंदाजी केली आहे. निळे कपडे, नवे खेळाडू, सीमारेषेवरच्या नव्या जाहिराती, सगळं त्यात होतं. हे आलं कुठून?

खेळणाऱ्यांनी घातलं. कॉम्प्युटरवर गेम टाकला की त्याचं एक फोल्डर तयार होतं. त्यात खेळाडूंच्या कपड्यांची चित्रं एका प्रकारच्या फाइलमध्ये असतात, संघांची यादी दुसऱ्या, मैदानं तिसऱ्या. कुणीतरी त्या फाइल उघडून पाहिल्या, चित्राचे रंग बदलले, नावं बदलली आणि फाइल जागच्या जागी परत ठेवली. अशा बदललेल्या फाइलींचा गठ्ठा म्हणजे पॅच. हे पॅच पेनड्राईव्हवरून गावोगाव फिरले. "पॅच मारला का?" हा प्रश्न त्या काळात कॉलेजच्या पोरांमध्ये किती सहज विचारला जायचा! दर हंगामात संघ बदलले की नवा पॅच यायचा. कंपनीने सोडून दिलेला खेळ लोकांनी वर्षानुवर्षं जिवंत ठेवला, तोही एक पैसा न घेता.

हाच गेम प्लेस्टेशन २ या कन्सोलवरही आला होता. तिथे तबकडी जशी आली तशी चालायची. तिच्यात बदल करायचा तर आधी ती कॉम्प्युटरवरच उघडावी लागे. लोक कन्सोल सोडून कॉम्प्युटरवर गेम का खेळतात, याचं निम्मं उत्तर मला या एका वाक्यात दिसतं. उरलेलं निम्मं उत्तर ओतूरहून नारायणगावकडे गेलं की त्याच्या पलीकडे, खोडदच्या माळावर उभं आहे. तिथे आपण जाणारच आहोत, पण आधी ओतुरात थांबू.

कल्याण-नगर रस्त्यावरचं हे गाव. माळशेज घाट चढून वर आलं की लागतं. मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराचं देऊळ, बाजार समितीच्या आवारात कांद्याचे ढीग, अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, आणि भोवताली बागायती. अशा गावात कॉम्प्युटर घरात कसा येतो ते पाहिलं की कन्सोल का येत नाही हेही कळतं. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. कांद्याच्या पट्टीतून एवढे पैसे केवळ खेळण्यासाठी काढून द्या, असं वडिलांना सांगायचं धाडस कोण करणार? 'कॉम्प्युटर घ्यायचाय' हे मात्र सांगता येतं. २००१ पासून एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स गावागावांत पोहोचला, सरकारी नोकरीसाठी तो मागितला जाऊ लागला, आणि कॉम्प्युटर ही अभ्यासाची वस्तू आहे हे घराघरांत मान्य झालं. त्याच यंत्रावर प्रवेशाचे फॉर्म भरले जातात, सातबारा काढला जातो, लग्नाचा व्हिडिओ जोडला जातो, आणि रात्री गेम चालतो. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो. टीव्हीला जोडलेला कन्सोल तिथल्या तिथे बंद पडतो.

सरकारी धोरणाचाही यात वाटा आहे. भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात भाग घेतला आणि कॉम्प्युटरवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. कन्सोल मात्र कायद्याच्या नजरेत खेळणं राहिला. २०१८ च्या अर्थसंकल्पात त्याच्यावरचं आयातशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के झालं.

कन्सोल गावाला अनोळखी होता असंही नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा, कॅसेटवाला 'व्हिडिओ गेम' पुष्कळ घरांत होता. मारिओ आणि कॉन्ट्रा लोक त्यावरच शिकले. ती यंत्रं बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. शिवाय आज गावातली बहुतेक पोरं गेम खेळतात ती मोबाईलवर, हेही खरंच. पण मोबाईलवरचा लाडका खेळ बीजीएमआय कुठून आला? त्याच्या मागे पबजी, आणि पबजीच्या मागे ब्रेंडन ग्रीन. त्याने 'आर्मा २' या पीसी गेमच्या एका मॉडवर आपला स्वतःचा मॉड चढवला. मॉड म्हणजे पॅचचाच मोठा भाऊ: दुसऱ्याच्या गेममध्ये फेरफार करून घडवलेला नवा गेम. शेवटचा जिवंत राहील तो जिंकला, हा त्याचा खेळ तिथे आकाराला आला. 'काउंटर-स्ट्राइक'सुद्धा १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ'वर चढवलेला मॉडच होता. 'डोटा' उगवला 'वॉरक्राफ्ट ३'मधून. जगातले कोट्यवधी लोक जे खेळ खेळतात, त्यांतले कितीतरी खेळ कंपनीने नव्हे तर खेळाडूंनी शोधले, आणि ते शोधता आले कारण ज्या यंत्रावर खेळायचं त्याच यंत्रावर खेळ बनवताही येतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि मग इतरत्र. पण तो घडला कॉम्प्युटरवरच. कन्सोलवरचा प्रत्येक खेळ कॉम्प्युटरवरच घडतो.

हे मुळापासून असंच आहे. १९६२ मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर 'स्पेसवॉर' लिहिला. ते यंत्र काही खेळण्यासाठी आणलेलं नव्हतं. पडदा होता, यंत्र मोकळं होतं, आणि त्यावर काय करावं हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक हा स्वदेशी कॉम्प्युटर चालू होता, त्यालाही पडदा होता. (ही संस्था लक्षात ठेवा. खोडदची दुर्बीण तिचीच.) घरगुती कन्सोल दहा वर्षांनी, १९७२ मध्ये आला: मॅग्नाव्हॉक्स ओडिसी. त्यात प्रोसेसर नव्हता, मेमरी नव्हती, आवाजही नव्हता. धावफलक कागदावर ठेवायचा आणि मैदानाचं चित्र असलेला प्लास्टिकचा पातळ कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा. खेळ तारांच्या जोडणीतच बांधलेला होता. पुढचे कन्सोल अफाट शक्तिमान झाले, पण यंत्राचं काम कारखान्यात ठरतं हा स्वभाव तोच राहिला.

या स्वभावाचे फायदे आहेत, आणि ते मोठे आहेत. सगळ्यांकडे एकच यंत्र असल्यामुळे गेम बनवणाऱ्याला त्याचा शेवटचा थेंब पिळून काढता येतो. घरी आणला, वायर जोडली, खेळ सुरू. 'कार्ड बसत नाही', 'लॅग मारतोय', 'ड्रायव्हर टाकावा लागेल' ही भानगड नाही. माझ्या मते, ज्याला फक्त खेळायचं आहे त्याने कन्सोल घ्यावा.

हातातल्या साधनाचाही फरक आहे, आणि तो सवयीपुरता नाही. कन्सोलची काडी अंगठ्याने ढकलली की ती वेग सांगते: किती जोरात वळायचं. माउस अंतर सांगतो: किती वळायचं. काडीने नेम धरताना वळणं सुरू करून योग्य क्षणी थांबवावं लागतं, तर माउस हात जिथे थांबला तिथेच थांबतो. म्हणूनच नेमबाजीचे आणि 'एज ऑफ एम्पायर्स'सारखे शेकडो सैनिक हाताळायचे खेळ माउसवर रुजले.

आता पीसीचं झाकण उघडू. त्याला स्क्रू असतात, आणि त्या स्क्रूंनी जगाचा इतिहास बदलला असं मी म्हणतो तेव्हा ते अगदी शब्दशः म्हणतो.

पडद्यावर १,९२० बाय १,०८० ठिपके असतील तर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून जास्त ठिपक्यांचा रंग ठरवायचा, आणि प्रत्येक ठिपक्यामागे प्रकाश कुठून येतो, भिंत कुठे आहे, सावली कशी पडते, याची डझनावारी गणितं. मुख्य प्रोसेसर हुशार असतो, पण तो एका वेळी थोडीच कामं करतो. इथे हुशारी नको, माणसं हवीत. कांद्याची लागण आठवा: वाफ्यात टोळी बसते, प्रत्येकीच्या पुढे आपली ओळ, हातात रोपांची जुडी. शेजारणीला काही विचारायचं कारणच नसतं, म्हणून वीस जणी असतील तर काम जवळपास वीसपट वेगाने उरकतं. ठिपक्यांचंही तसंच आहे. एका ठिपक्याचा रंग दुसऱ्यावर अवलंबून नसतो. म्हणून हजारो छोटे, साधे गणक एकाच चिपवर बसवायचे आणि सगळ्यांना एकच हुकूम द्यायचा. हेच ग्राफिक कार्ड.

१९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड आलं, १९९९ मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स २५६. पीसीचं झाकण उघडत असल्यामुळे खेळणाऱ्याला अख्खं यंत्र बदलावं लागत नसे, फक्त कार्ड काढून नवं बसवलं की झालं. प्लेस्टेशन २ आला २००० मध्ये, प्लेस्टेशन ३ आला २००६ मध्ये. मधल्या सहा वर्षांत कन्सोलचा ग्राहक जिथे होता तिथेच होता, आणि पीसीचा ग्राहक दर वर्षा-दोन वर्षांनी अधिक चांगलं कार्ड मागत होता. जगभरच्या त्या हट्टी पोरांच्या पैशावर चिपची शर्यत पळाली. शेवटी प्लेस्टेशन ३ लाही आपली ग्राफिक चिप एनव्हिडियाच्या पीसीच्या कार्डांवरूनच घ्यावी लागली.

दरम्यान शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की या कार्डाला ठिपके आणि आकडे यांतला फरक कळत नाही. मग त्यांनी एक विलक्षण युक्ती केली. आपली गणितं चित्रांच्या वेषात कार्डाला द्यायची. आकडे रंग म्हणून भरायचे, कार्डाने चित्र 'रंगवलं' की ते चित्र परत आकडे म्हणून वाचायचं! एनव्हिडियाने २००७ मध्ये कूडा ही प्रणाली खुली केली आणि हा वेष घ्यायची गरज संपली.

त्याच वर्षी कन्सोलनेही विज्ञानाचं दार ठोठावलं होतं. प्लेस्टेशन ३ मध्ये सुरुवातीला लिनक्स टाकता येत असे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी आठ प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडले आणि त्यांवर कृष्णविवरांच्या गुरुत्वीय लहरींची गणितं सोडवली. अमेरिकन हवाई दलाने पुढे १,७६० प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभारला. पण १ एप्रिल २०१० रोजी सोनीने सुरक्षेचं कारण देऊन एक अपडेट पाठवला, आणि ज्यांनी तो घेतला त्यांच्या यंत्रातली लिनक्सची सोय गेली. ज्यांनी घेतला नाही, त्यांना ऑनलाइन खेळता येईना. हे वाचलं की मला नेहमी वाटतं, विकत घेतलेल्या यंत्राचं काम दुसऱ्या कुणीतरी दूरवरून बदलावं, यापेक्षा कन्सोल आणि कॉम्प्युटरमधला फरक अधिक स्वच्छ सांगता येणार नाही.

आणि आता खोडद. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे आपली जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशा. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या तीन बाहूंवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. शेतांच्या मधून, द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या रानांतून या जाळीदार डिशा वर डोकावतात. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना त्या रोजच्या ओळखीच्या आहेत. पण आकाश 'दिसतं' ते डिशमध्ये नाही. डिश फक्त क्षीण रेडिओ लहर गोळा करते आणि ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत पाठवते. चित्र तयार होतं गणितातून. एकच लहर दोन डिशांपर्यंत किंचित मागेपुढे पोहोचते आणि त्या फरकात ती आकाशातल्या कोणत्या बिंदूतून आली याची खूण दडलेली असते. त्यासाठी प्रत्येक डिशचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक डिशच्या सिग्नलशी गुणायचा. ३० डिशांच्या जोड्या होतात ४३५. हे काम करणारं यंत्र म्हणजे कोरिलेटर.

जीएमआरटीचा पहिला कोरिलेटर खास त्याच कामाच्या चिपांचा होता. तो एक काम उत्तम करायचा आणि तेवढंच करायचा. काम आधीच ठरलेलं, यंत्र त्यानुसार बांधलेलं. २०१० मध्ये इथल्या अभियंत्यांनी आणि शास्त्रज्ञांनी जाहीर केलेला नवा कोरिलेटर वेगळाच होता: ३२ डिशांपर्यंतचे सिग्नल घेण्याची सोय, ३३ मेगाहर्ट्झचा कंप्रतांचा पट्टा, आणि सगळं बाजारात कुणालाही मिळणाऱ्या भागांतून जोडलेलं. काय करायचं हे आता तारांत नव्हे, प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं. नवी कल्पना सुचली तर यंत्र नव्याने बांधायचं कारण नाही, प्रोग्रॅम बदलायचा. क्रिकेट ०७ मध्ये पॅच मारणाऱ्या पोराने जे यंत्र निवडलं, त्याच जातीचं यंत्र खगोलशास्त्रज्ञांनी निवडलं, आणि कारणही तेच होतं.

पुढे दुर्बीण सुधारली. पट्टा एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद झाला. इतका रुंद सिग्नल टिपायला सेकंदाला किमान ८० कोटी वेळा मोजावं लागतं. डिशा ३०, प्रत्येकीचे दोन सिग्नल. म्हणजे दर सेकंदाला ४,८०० कोटी मोजमापं! त्या पुराला आवरायला एफपीजीए नावाच्या चिपांच्या जोडीला उभी राहिली एनव्हिडियाची टेस्ला मालिकेतली के२० आणि के४० ही कार्डं. ती सिग्नल हजारो कंप्रतांत विभागतात, ४३५ जोड्यांचे गुणाकार करतात, बेरजा साठवत जातात, आणि हे सगळं जागच्या जागी, सिग्नल येत असतानाच.

या कार्डांच्या पोटात काय आहे? जीके११० नावाची चिप, ७१० कोटी ट्रान्झिस्टरांची. २०१३ मध्ये गेम खेळणाऱ्यांसाठी आलेल्या जीफोर्स जीटीएक्स टायटनमध्येही हीच चिप होती. टायटनमध्ये तिचे २,६८८ गणक चालू ठेवलेले, के४० मध्ये २,८८०. खेळातला डोंगर फिरवून दाखवायला लागतो तो गुणा-आणि-मिळवा हा हिशोब, आणि अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली लहर ओळखायला लागतो तोही गुणा-आणि-मिळवा हाच हिशोब. चिपला फरक कळत नाही! ही गोष्ट मी कितीही वेळा वाचली तरी अंगावर काटा येतो. 'क्वेक' हा गेम अडखळू नये म्हणून कुणीतरी कुठेतरी पैसे साठवून कार्ड घेतलं, त्याच्यासारख्या लाखोंनी घेतलं, म्हणून ती चिप जन्माला येण्याइतकी स्वस्त झाली, आणि ती खोडदला पोहोचली.

या दुर्बिणीने काय ऐकलं तेही सांगायला हवं. पल्सार नावाचे तारे घड्याळासारखे नियमित स्पंद पाठवतात. इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे हा भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांचा गट सुधारित जीएमआरटीवर या स्पंदांची वेळ वर्षानुवर्षं मोजत आला. २०२३ च्या २९ जून रोजी त्यांनी युरोपातल्या सहकाऱ्यांसह आणि त्याच वेळी जगातल्या इतर गटांनीही जाहीर केलं की या वेळा एका विशिष्ट रीतीने मागेपुढे होताना दिसतात. एक हेलकावा पुरा व्हायला वर्षं घेणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा तो पुरावा होता. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना अशा लहरी उठत असाव्यात. ताऱ्यांमधल्या विरळ वायूमुळे स्पंदांना जो उशीर होतो तो वजा करण्यासाठी कमी कंप्रतेची मोजमापं लागतात, आणि ती पुरवण्यात खोडदचा वाटा मोठा आहे.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि परिसरातल्या शाळा-कॉलेजांची मुलं आपले प्रयोग घेऊन तिथे जातात. ओतूरहून जाणाऱ्यांनी डिशा तर बघाव्यातच, पण कोरिलेटरविषयीही विचारावं. के४० मध्ये १२ जीबी मेमरी आहे, टायटनच्या दुप्पट, आणि मॉनिटरची वायर जोडायला मात्र त्या कार्डावर जागाच ठेवलेली नाही. ग्राफिक कार्डांची नावं पाठ असलेल्या मुलाने तिथल्या अभियंत्यांना विचारावं की सध्या कोणतं कार्ड चाललंय, कोणता प्रोग्रॅम त्यावर पळतोय, आणि पुढचं कोणतं घ्यायचा विचार आहे. ही भाषा त्या मुलाला आधीपासून येते.